डोळ्यांची एकच जोडी

१

प्रसेनजीत रोज साडेपाचला घरी येई, चपला दाराशी काढी, हातपाय धुई आणि पुढच्या खोलीतल्या लोखंडी खुर्चीत बसे. आक्काताई चहा आणून देई. चहा संपला की कप खुर्चीखाली जाई आणि हा तिथंच बसून राही. टीव्ही लावला तर टीव्ही बघे, बंद केला तर बंद टीव्ही बघे. दहा महिने असं चाललं होतं. बायको गेल्यावर माणसं रडतात, पितात, वर्षभरात दुसरं लग्न करून मोकळी होतात. ह्या बाबाने त्यातलं काहीच केलं नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं.

नोकरी मोजणी खात्यात. शेताच्या बांधावरून, घराच्या भिंतीवरून भावाभावांत डोकी फुटायची वेळ आली की हा फीत घेऊन जाई, मोजी आणि आकडा सांगे. दोन्हीकडच्या शिव्या खाई. पण माणूस खोटं बोलतो, फीत बोलत नाही, ह्यावर त्याचा विश्वास होता आणि दहा महिन्यांत तेवढा एकच विश्वास शाबूत राहिला होता.

रूपाली काविळीने गेली, अकरा दिवसांत. मागे नऊ वर्षांची श्रुती राहिली. प्रसेनजीतची थोरली बहीण आक्काताई शिरोळहून मातीला आली ती परत गेलीच नाही. तिचं स्वतःचं कपाळ आधीच रिकामं झालेलं, त्यामुळे तिला कुणी बोलावणारंही नव्हतं.

"आरं, पोरीकडं बघत जा की जरा," ती अधूनमधून म्हणे. "डोळं सगळं आईचं उचलल्यात तिनं."

नेमकी तीच तर अडचण होती. प्रसेनजीत पोरीची वेणी बघे, वही बघे, बुटाची सुटलेली नाडी बघून बांधून देई. डोळ्यांत मात्र बघत नसे. बघितलं तर सुईचा असर उतरेल आणि मग जे दुखेल ते सोसणार नाही, एवढं त्याला कळत होतं. भित्रा म्हणा हवं तर. तो स्वतःलाही तेच म्हणत असे.

रूपालीचा डोळे उघडे असलेला एकही फोटो घरात नव्हता. फ्लॅश उडाला की तिच्या पापण्या मिटत. लग्नात, बारशात, जयंतीच्या कार्यक्रमात, सगळीकडे मिटलेल्या. मातीनंतरच्या पुण्यानुमोदनाला फोटो तर हवा. तेव्हा जयसिंगपूरच्या लग्नातला एक फोटो घेऊन तो शनिवार पेठेत गणपतरावांच्या स्टुडिओत गेला होता. मयताचे डोळे उघडून देणं हे गणपतरावांचं खास काम. फोटो मोठा करायचा आणि बारीक कुंचल्याने मिटल्या पापणीवर डोळा काढायचा. अख्खं कोल्हापूर त्यांच्याकडे येई.

"डोळं कसं होतं वैनींचं?" गणपतरावांनी विचारलं होतं.

प्रसेनजीत काउंटरला हात टेकून उभा राहिला. बारा वर्षांचा संसार. काही आठवेना.

"मोठे होते," तो म्हणाला.

फोटो छान झाला. आलेल्यांनी हात जोडले, फुलं वाहिली. श्रुती तेवढी म्हणाली, "ही मम्मी न्हाय." लेकरू दुःखात आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

२

एप्रिल दोन हजार दोनमध्ये गणपतरावांनी स्टुडिओ आवरायला काढला. गावात कलर लॅब झाल्या होत्या, तासात फोटो मिळे. म्हाताऱ्याच्या काळ्यापांढऱ्या कारभाराला आता कोण विचारतो? कचेरीच्या ओळखपत्राचा फोटो घ्यायला प्रसेनजीत गेला तेव्हा काउंटरवर जुने कॅमेरे मांडून ठेवले होते. त्यातला एक गणपतरावांनी उचलून त्याच्या हातात दिला. धातूचा, विटेसारखा जड. पुढे रशियन अक्षरं कोरलेली.

"झोर्की. रशियाचा हाय. मापाचा कॅमेरा हाय ह्यो, आनी तुमी मापणारं मानूस. न्या. जमला तर ठिवा, न्हाय जमला तर आणून द्या."

मग त्यांनी शिकवलं. मागच्या बारक्या खिडकीतून बघायचं. मध्ये एक पिवळसर ठिपका दिसतो. त्या ठिपक्यात समोरची वस्तू दोनदा दिसते, एकीच्या शेजारी दुसरी. भिंगाभोवतीची कडी फिरवत जायची. दोनाचं एक झालं की वस्तू किती मीटरवर आहे ते कडीवर वाचायचं.

"येका मीटरच्या आत मापत न्हाय. कडी थटती," गणपतराव म्हणाले. "आनी चावी दिल्याबिगर स्पीडच्या चकतीला हात लावायचा न्हाय. आदी चावी, मग स्पीड. उलटं केलं की आतलं दात गेलंच."

"बरं."

"अजून येक. तुमी बघताय खिडकीतनं आनी ह्यो बघतोय भिंगातनं. तुमी बघताय ते आनी ह्यो बघतोय ते येकच नसतंय. मी येकदा आक्क्या बारशाची फिलम टोपण न काढता मारलीती. मला सगळं दिसत हुतं की." म्हातारा पोट हलवून हसला. "महिनाभर फिलम घालू नका. नुस्तं मापा. हाताला माप बसू द्या."

तो शिकवण्याचा भाग प्रसेनजीतला आवडला. आवडला म्हणजे काय, तर घरी आल्यावर बंद टीव्हीकडे बघण्याऐवजी तो कॅमेरा डोळ्याला लावून बसला. भगवान बुद्धांची तसबीर, तीन मीटर. पाण्याचा पिंप, पाच. मग फीत काढून ताळा घ्यायचा. चार बोटांचाही फरक पडेना. सर्व्हेच्या जुन्या वहीत तो आकडे लिहू लागला, एका रकान्यात कॅमेरा, दुसऱ्यात फीत.

आक्काताईला हे खूळ बघून बरं वाटलं. गडी आपणहून काहीतरी करत होता. श्रुतीही मधल्या खोलीतून डोकावे आणि "मी किती मीटर?" म्हणून विचारे. तो तिच्या भांगावर ठिपका धरी आणि आकडा सांगे.

३

सिद्धार्थनगरातलं त्यांचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. पुढची, मधली आणि मागे स्वयंपाकघर. तिन्हींची दारं एकापुढे एक. पुढच्या खोलीतल्या खुर्चीतून थेट परसाचं हिरवं दार दिसे. मधल्या खोलीचा उंबरा अडीच मीटर, स्वयंपाकघराचा सहा, परसाचं दार नऊ मीटर वीस सेंटिमीटर. मध्ये आडकाठी नाही. मापाच्या सरावाला याहून चांगली जागा कुठली?

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो असाच बसला होता. सहा वाजले असतील, बाहेर चांगलं ऊन होतं. डास येतात म्हणून आक्काताईने परसाचं दार लावून घेतलं होतं. त्याने ठिपका त्या दारावर धरला, कडी शेवटापासून सावकाश फिरवायला घेतली, आणि वीसच्या आकड्याला ठिपक्यात काहीतरी एक झालं.

दार नव्हे. दाराच्या अजून दोन कडा दिसत होत्या. त्या दोन कडांच्या मधोमध दोन उभ्या फिकट रेघा होत्या, त्या जवळ आल्या आणि एक झाल्या. त्याने कडी पुढे फिरवली. नऊपाशी दार एक झालं, आणि रेघेच्या परत दोन झाल्या.

कॅमेरा खाली घेऊन बघितलं. हिरवं दार. कडी लावलेलं.

काचेवर ओरखडा असेल, असं त्याच्या मनाने लगेच सांगितलं. त्याने रुमालाने खिडकी पुसली. पण ओरखडा असता तर तो भिंतीवर धरला तरी दिसला असता, आणि ओरखड्याचे दोन होऊन परत एक होत नाहीत. ही रेघ फक्त त्या दारातच होती. मापाप्रमाणे बघायचं तर नऊ मीटरवरच्या बंद दाराच्या पलीकडे, वीस मीटरवर. परस ओलांडलं की बारा मीटरला शेजारच्या हंबीररावांची भिंत लागे. वीस म्हणजे हंबीररावांच्या न्हाणीत. हा हिशेब करून त्याला हसू यायला हवं होतं.

त्याने वहीत लिहिलं: परस दार, फीत ९.२०, कॅमेरा ९. खाली लिहिलं: रेघ, २०. फितीचा रकाना कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं काही नव्हतं. संध्याकाळी होतं. दहा.

बुधवारी श्रुती त्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. भिंतीवरच्या रूपालीच्या फोटोकडे बघत होती.

"पप्पा, ते डोळं पुसून घेता येतील काय? मला मिटल्याले चालतील."

तो तिच्या भांगाकडे बघून म्हणाला, "इचारतो."

४

गणपतरावांनी कॅमेरा दुकानाच्या पायरीवर आणला, समोरच्या विजेच्या खांबावर धरला, मग पानपट्टीच्या पाटीवर, मग सायकल धरून उभ्या असलेल्या एका बाईवर. शेवटी परत दिला.

"माप चोख हाय. काय खोट न्हाय ह्यात."

"मग एक रेघ दिसतीय ती?"

"कसली?"

"उभी. मागच्या दारात."

"दारात हाय तर दारात आसंल," गणपतराव म्हणाले. त्यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

आत तारेवर वाळत घातलेले फोटो होते. दुकान बंद करायच्या आधी उरलेली कामं पुरी करत होते म्हणे. तीन फोटो बायकांचे. एक म्हातारी, नाकात नथ. एक मधल्या वयाची, चष्मा नसलेली पण नाकावर चष्म्याचे वळ असलेली. तिसरी अगदी कोवळी, विशीतली. प्रसेनजीत एकीकडून दुसरीकडे बघत गेला आणि परत पहिल्या फोटोशी आला. तिघींचे डोळे एकच होते. ते त्याच्या घरीही होते, पुढच्या खोलीत, हार घातलेले.

"हे सगळे डोळे…"

"व्हय की," गणपतराव म्हणाले. "माझ्याकडं जोडी येकच. बायकांची येक, गड्यांची येक. चाळीस वर्सं हाताला तीच बसलीया. मानसं इचारली तर सांगत्यात, मोठं हुतं, छान हुतं. त्यावर कसलं डोळं काढायचं, सांगा. कुनाला धड आठवत न्हाय, सायेब. म्हनून कुनी तक्रार बी करत न्हाय."

प्रसेनजीतला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. दहा महिन्यांत त्याला पहिल्यांदा लाज वाटली.

"आमच्या फोटोवरचे पुसता येतील का? पोरगी म्हणतीय."

म्हाताऱ्याने मान हलवली. "शाई कागदात मुरती. खरवडाय गेलं की कागूद सोलतोय, तोंडाला भोक पडतंय. उघडल्यालं डोळं परत झाकता येत न्हाईत." मग फडताळातून एक काळापांढरा रोल काढून त्याच्या खिशात घातला. "शेवटचा हाय. माप बसलं हाताला, आता काडा पोरीचं फोटू. धुऊन देतो मीच."

५

गुरुवारी सात. शुक्रवारी पाच.

सात म्हणजे घराच्या आत. परसाचं दार रेघेच्या मागे राहिलं. पाच म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून मधल्या खोलीत. नुसत्या डोळ्यांनी तिथं आक्काताईची चटई होती आणि शिलाई मशीन होतं. आक्काताई स्वतः रेघेतून दोनदा ये-जा करून गेली आणि तिला काही लागलं नाही, ठेच नाही की शिंक नाही.

आता तुम्ही आम्ही असतो तर कॅमेरा नेऊन टाकला असता पंचगंगेत. पण प्रसेनजीत मोजणीवाला. त्याने शुक्रवारी रेघेची उंची काढली. स्वयंपाकघराच्या चौकटीला कडीचा कोयंडा होता. रेघेचं वरचं टोक त्या कोयंड्याच्या ओळीत येई. अंतराचा हिशेब करून त्याने वहीत लिहिलं: पाच फुटाला एक बोट कमी.

लग्न ठरवायच्या वेळी रूपालीची उंची विचारली होती तेव्हा तिच्या वडिलांनी हेच सांगितलं होतं. पाच फुटाला एक बोट कमी, पण चप्पल घातली की पुरी भरते.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याच्या छातीत कुठंतरी दुखलं. सुईचा असर उतरताना पहिल्यांदा टोचतं, तसं. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि आनंद इतक्या दिवसांनी आल्यामुळे त्याला तो आधी ओळखूच आला नाही. शनिवारी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आक्काताईने चहा देताना त्याच्याकडे निरखून बघितलं.

"कुठं जायाचं हाय?"

"कुठं न्हाय."

"मग हासतोयास कशाला?"

हसतोय हे त्याला माहीत नव्हतं.

शनिवारी रेघ चारवर होती. चारवर श्रुती अभ्यासाला बसे. त्या संध्याकाळी ती वह्या उचलून पुढच्या खोलीत आली.

"मधल्या खोलीत पानावर सावली पडती," ती म्हणाली.

आक्काताईने चाळीसचा बल्ब काढून साठचा लावला. रविवार, सोमवार, मंगळवार गेले. साडेतीन. तीन. तीनला त्याला रेघेच्या वरच्या भागात दोन फिकट ठिपके असल्यासारखे वाटले, पण कॅमेऱ्याची खिडकी बारीक, नीट ठरवता येईना. पुढे चार दिवस तो राधानगरीकडे मोजणीला होता. तिथं त्याने डोंगर मोजले, झाडं मोजली. सगळं जिथल्या तिथं होतं, आणि त्याला घरी कधी जातोय असं झालं होतं.

६

रविवारी दुपारी चार वाजता त्याने रोल भरला. कॅमेऱ्याची पाठ सगळी निघून हातात येते, फिल्मचं टोक चक्रीत अडकवायचं, पाठ परत सरकवायची. पहिल्यांदा टोक निसटलं म्हणून दोनदा करावं लागलं. आक्काताई शेजारच्या तानाबाईंकडे पापड लाटायला गेली होती.

"श्रुती, खुर्ची घे आन् मधल्या दारात बस."

श्रुतीने खुर्ची उंबऱ्यावर मांडली. निळा फ्रॉक, दोन वेण्या. तिने केसांवर पाण्याचा हात फिरवून घेतला होता. बापाने फोटो काढायचं म्हटलं होतं, त्याचा तिला किती आनंद झाला होता ते तिच्या पाय हलवण्यावरून दिसत होतं. तो पायांकडे बघत होता.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. ठिपका भांगावर. दोन भांग. कडी फिरवली, अडीचला एक झाला. आणि त्याच क्षणी, त्याच अडीचला, भांगाच्या थोडं वर, खुर्चीच्या मागच्या बाजूला, रेघही एक झाली. दोघी एकाच मापावर. मागे उभं राहून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवावा, तेवढंच अंतर.

रूपालीचा लेकीसोबत एकही फोटो नव्हता, डोळे उघडे असलेला. हाच विचार त्याच्या मनात आला, दुसरा कुठलाही नाही.

आधी चावी. मग स्पीड. त्याने बटण दाबलं. आत कापडी पडदा सर्रकन सरकल्याचा आवाज झाला.

"मिटलं," श्रुती म्हणाली. "माजं डोळं मिटलं पप्पा. परत काढा."

त्याने चावी दिली आणि परत बघितलं. श्रुती होती. रेघ नव्हती. अडीचला नव्हती, तीनला नव्हती, पार मागच्या दारापर्यंत कुठंच नव्हती. तो कडी मागेपुढे फिरवत राहिला.

"काढा की."

"पुरे एक," तो म्हणाला.

श्रुतीचे पाय हलायचे थांबले. ती खुर्ची उचलून आत ठेवायला गेली. उरलेली फिल्म त्याने गल्लीत जाऊन संपवली: हंबीररावांची म्हैस, पाण्याचा टँकर, कुणाचं तरी वाळवण. हे लिहिताना मला त्याचा राग येतो. पोरीने एकच गोष्ट मागितली होती.

७

बुधवारी गणपतरावांनी दुकानाला कुलूप लावता लावता त्याला आत घेतलं. फडताळं रिकामी झाली होती. त्यांनी खाकी पाकीट पुढे केलं.

"म्हशीचा बी चांगला आलाय. पन मोठा ह्यो येकच केला."

त्याने फोटो बाहेर काढला. उंबरा, खुर्ची, फ्रॉक, दोन वेण्या. श्रुती थेट त्याच्याकडे बघत होती.

"डोळं मिटलंतं पोरीनं," गणपतराव म्हणाले. "उघडून दिलं."

जोडी तीच होती. नथवाल्या म्हातारीची, विशीतल्या पोरीची, भिंतीवरच्या रूपालीची. लहान तोंडावर जरा मोठी दिसत होती.

"गणपतराव," प्रसेनजीत म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. "जिवंत हाय की ती."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आसं कसं?" तो म्हणाला. "तुमच्याकडनं आलेला दुसरा फोटू, डोळं मिटल्यालं… मदल्या दिवसांत काय झालं ते मला काय ठावं? आनी मागं त्या वैनी हुब्या हाईत न्हवं. मी म्हटलं, आई न्ह्यायला आली आसंल."

"कोण उभं हाय?"

गणपतरावांनी फोटो हातात घेऊन उजेडाकडे केला. खुर्चीच्या मागे एक उभा फिकट पट्टा होता, कडा नसलेला. त्याला ना हात होते ना तोंड. म्हाताऱ्याने बराच वेळ बघितलं आणि खाली ठेवला.

"पडद्याच्या कापडाला भोक पडलं आसंल. जुना कॅमेरा. उजेड शिरतोय," तो म्हणाला. पण फोटो त्याने परत उचलला नाही.

"पुसा हे डोळे."

"सांगितलं की तुमास्नी." म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "पोरीच्या तोंडाला भोक पाडू काय?"

८

शनिवार पेठेतून घर वीस मिनिटांचं. प्रसेनजीत बारा मिनिटांत आला. ऊन अजून कडकच होतं, पाठ घामाने भिजली होती, गळ्यात अडकवून नेलेला कॅमेरा छातीवर आपटत होता. फोटो त्याने वाटेत गटारात टाकला होता, चार तुकडे करून. अंगातला सगळा बधिरपणा उतरला होता आणि सगळीकडे दुखत होतं. एकच ठरवलं होतं त्याने. आज पोरीला समोर बसवायचं आणि डोळ्यांत बघायचं. पोटभर बघायचं. रूपालीचे डोळे कसे होते ते त्याला जगात एकाच ठिकाणी बघायला मिळणार होतं, आणि ते ठिकाण दहा महिने त्याच्या घरात होतं.

मधल्या दारातल्या उंबऱ्यावर खुर्ची होती. श्रुती तिच्यात बसली होती, तोंड आतल्या बाजूला, स्वयंपाकघराकडे. निळा फ्रॉक.

"बरं झालं आलास," आक्काताई आतून म्हणाली. ती कोथिंबीर निवडत होती, मान खाली. "जरा बघ तिच्याकडं. जेवल्यापासनं तशीच बसलीया. झोप म्हटलं तर डोळा मिटंना. पापणी बी हलवंना बाई. ऊन लागलं काय कुणास ठावं."

"श्रुती," लोखंडी खुर्चीत बसत तो म्हणाला.

वेण्या हलल्या. ती वळायला लागली, सावकाश, लहान मूल फोटोला वळतं तशी.

त्याला बघायचं होतं. देवाशप्पथ बघायचं होतं, असं त्याने नंतर कधी कुणाला सांगितलं असतं तर कुणीही मानलं असतं. पण हात त्याच्या आधी वर गेले आणि कॅमेरा डोळ्याला लागला. फिल्म नव्हती आत. नुसतं माप.

ठिपक्यात दोन श्रुती आल्या. त्याने कडी फिरवली. वेण्या एक झाल्या, भांग एक झाला, कान, फ्रॉकची कॉलर, हनुवटी, सगळं एकावर एक बसलं. अडीच मीटर. फितीने मोजलं असतं तरी अडीचच भरलं असतं.

डोळे बसले नाहीत. ते अजून दोनाचे चार होते.

तो कडी पुढे फिरवू लागला. दोन. चेहऱ्याचे दोन झाले. दीड. डोळ्यांच्या जोड्या एकमेकींकडे सरकत होत्या, पण अजून अंतर होतं. एक पॉइंट दोन. एक. कडी थटली.

जोड्या अजून जुळल्या नव्हत्या. म्हणजे ते डोळे त्याच्यापासून मीटरच्याही आत होते.

"पप्पा, आज परत काढणार काय?" श्रुतीने विचारलं. आवाज तिचाच होता आणि जिथून यायला हवा तिथूनच आला, अडीच मीटरवरून.

"व्हय," तो म्हणाला.

"मी न्हाय मिटणार आता."

आक्काताईने आतून चहा ठेवू का म्हणून विचारलं. तो कॅमेरा डोळ्याला घट्ट लावून बसून होता, आणि बोटाने कडी दाबून बघत होता, अजून थोडी फिरते का. दहा महिन्यांनी त्याला लेकीच्या डोळ्यांत बघावंसं वाटलं होतं. आता कॅमेरा खाली घेतला की बघावंच लागणार होतं.